तेलावरचा टर्बो

२१ ऑक्टोबर २०१२, रविवार. गाडीचं ऑइल तपासायचं होतं. तीन आठवडे दर रविवारी सकाळी चहाच्या आधी मी हेच करत होते. बॉनेट उघडायचं, ऑइलची पट्टी ओढून काढायची, जुन्या गाऊनच्या तुकड्याने पुसायची, आत घालायची आणि पुन्हा ओढून बघायची. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्या मध्ये असलं पाहिजे. त्या दिवशी ते खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. जमिनीवर डाग नव्हता, म्हणजे ऑइल गळत नव्हतं, जळत होतं. मी अर्धा लिटर ओतलं, झाकण घट्ट केलं, हात धुतले आणि आईला सांगितलं की करंजाला जायचं तर नऊला निघू.

त्या दिवशी गाडी बाहेर काढायला नको होती. मला ते पक्कं माहीत होतं, तरी काढली. का, ते सांगायचं तर या गाडीत टर्बो कसा आला तिथपासून सुरुवात करावी लागेल.

मी करंजाची. वडील आणि त्यांच्या आधीचे सगळे समुद्रावर गेलेले. मी रसायनशास्त्र घेऊन पदवी केली, तळोज्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले आणि लग्न होऊन पनवेलला आले. धाकटा भाऊ बंदरावरच राहिला. त्याला जाळ्यात रस नव्हता, इंजिनात होता. करंजाच्या निम्म्या बोटींची इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली. बोट लांब जाणार असेल तर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य माणूस, त्याला बरोबर घेऊन जायचा. तो सगळा वेळ खाली इंजिनाजवळ बसायचा. वर यायचा तो जेवायला, आणि तेही हाक मारली तर.

माझी गाडी म्हणजे जुनी डिझेल जीप. दणकट, पण अंगात जोर नाही. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या मागे लागली की पुढे काढायची सोय नाही. भावाला माझी गाडी अशी रांगताना बघवत नव्हतं. २००८ साली त्याने कुठून तरी एक टर्बो आणला आणि दोन सुट्ट्यांमध्ये बसवून दिला.

टर्बो म्हणजे काय ते मला त्यानेच समजावलं. इंजिनाचा धूर बाहेर जाताना एक चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त ताकद. तो दांडा इतक्या वेगाने फिरतो की त्याला धरून ठेवणारं लोखंड कामाचं नाही, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. एका बाजूला लाल होईपर्यंत तापलेलं लोखंड आणि मधे हे तेल. तेल वंगणही देतं आणि उष्णताही घेऊन जातं. काही टर्बोंमध्ये याशिवाय भोवती पाणी खेळवलेलं असतं, रेडिएटरचं. इंजिन बंद झालं की तेलाचा पंप थांबतो. पण गरम पाणी आपोआप वर सरकतं, गार पाणी खाली येतं आणि थोडा वेळ तरी उष्णता हलत राहते. नुसत्या तेलावरच्या टर्बोला ही सोय नाही. तापलेल्या टर्बोतलं तेल जागच्या जागी थांबतं आणि भाजून निघतं.

भावाने बसवला तो नुसत्या तेलावरचा.

आठ महिन्यांत तो गेला. शिट्टीसारखा आवाज यायला लागला, मग ताकद गेली. करंजाला त्याच्या शेडमध्ये त्याने तो खोलून माझ्यासमोर ठेवला. आत काळा, कडक थर बसला होता, दूध लागलेल्या टोपासारखा. त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडला तरी सुटेना.

"बघ तुजं काम," तो म्हणाला.

"माझं कसं? तेल जळलंय. किती अंशावर तेल जळतं ते मी रोज मोजते. इथे पाण्याचा टर्बो हवा होता."

"पान्याचा नको. पानी लोखंडाचं काय करतं ते मी रोज बघतंय."

"रेडिएटरचं पाणी रे. खारं नाही."

"पानी ते पानी. बोटीवर सगले तेलावरचे हायत. इतक्या वर्षांत एक नाय गेला माजा."

"मग माझाच कसा गेला?"

"बाय, तू गाडी उभी केली की चावी काढून पलतंस. धावून आलेल्या बैलाला कोन असं दावनीला बांधतं? दोन मिनटं चालू ठेव. थंड होऊ दे. मंग बंद कर."

मी सांगितलं की सकाळी पावणेनऊला कारखान्याच्या गेटमध्ये कार्ड लावायचं असतं, दोन मिनिटं गाडीत बसून राहायला मला वेळ नाही. तो हसला. "तुला मरायला तरी टाइम हाय का?"

त्याच्या बोटींवरचे टर्बो का टिकतात हे मला फार नंतर कळलं. बोट समुद्रातून परत येते तेव्हा खाडीत शिरल्यावर तिला वेग ठेवता येत नाही. अर्धा अर्धा तास ती हळूहळू धक्क्याकडे सरकते. तोपर्यंत टर्बो आपोआप थंड होतो. इंजिन गरम असताना बंद करायची वेळच येत नाही. त्यामुळे टर्बो जळू शकतो हे भावाला कधी समजूनच घ्यावं लागलं नव्हतं. खाडी त्याचं काम करत होती. हायवेवरून ऐंशीच्या वेगाने येऊन गल्लीत वळणाऱ्या आणि लगेच चावी काढणाऱ्या बाईचा त्याने विचार केला नव्हता.

दुसरा टर्बोही त्याने तेलावरचाच लावला. पण या वेळी स्टिअरिंगच्या खाली एक छोटा डबा बसवला. चावी काढली तरी इंजिन चालू राहायचं, डब्यावर लाल आकडे एकशेवीसपासून खाली उतरायचे आणि शून्याला इंजिन आपण होऊन बंद व्हायचं. मी गाडीला कुलूप लावून निघून गेले तरी चालत होतं.

"तुज्यावर भरवसा नाय," डब्यावर बोट आपटत तो म्हणाला. "यच्यावर हाय."

मला ते लागलं. पण सोय होती हेही खरं.

जानेवारी २०११ मध्ये तो एका बोटीवर गेला. पाचव्या दिवशी पहाटे बोट परत आली. खाडीच्या तोंडापर्यंत सगळं ठीक होतं. तांडेल वर होता, खलाशी मासळी वेगळी करत होते, इंजिनाचा वेग तांडेलाने वरूनच कमी केला होता. नेहमीप्रमाणे अर्धा तास सरकत बोट धक्क्याला लागली. तांडेलाने बंद करायला हाक मारली. इंजिन बंद झालं नाही. दुसरी हाक मारली. मग एक जण खाली उतरला. खाली कोणी नव्हतं. स्टुलावर त्याचा टॉवेल होता.

तो कधी पाण्यात गेला, कुठे गेला, कोणालाच सांगता आलं नाही. रात्री जेवण झाल्यावर त्याला कोणी पाहिलं नव्हतं. तांडेल आमच्या दारात उभा राहून एकच वाक्य बोलत होता, "इंजिन चालू होतं, मना वाटलं तो खाली हाय." इतर बोटी दोन दिवस शोधत होत्या. काही सापडलं नाही. आईने दिवस करू दिले नाहीत. अंग दाखवा, मग बोला, म्हणाली.

त्याचं लग्न झालेलं नव्हतं. घरात आई एकटी. मी तिला पनवेलला घेऊन आले. आमचा तळमजल्याचा फ्लॅट, स्वयंपाकघराची खिडकी कंपाउंडवर उघडते आणि बरोबर समोर माझ्या जीपची जागा. मी कामावरून येऊन गाडी लावायची, उतरायची, आत येऊन पाय धुवायची. तोवर बाहेर इंजिन चालू. दोन मिनिटांनी बंद व्हायचं. आई पहिले दोन दिवस खिडकीत उभी राहून ऐकत होती.

"गाडीत कोन हाय?"

"कोणी नाही. टायमर आहे. त्यानेच लावलाय."

"मंग चालू कशी?"

मी समजावलं. टर्बो, तेल, उष्णता. तिने सगळं ऐकून घेतलं. बोटींच्या घरात जन्म गेलेली बाई, तिला इंजिन कळतं. तिसऱ्या दिवशी मी गाडी लावून आत आले तर ती दार उघडून बाहेर निघाली. जीपच्या डाव्या बाजूला चढली, सीटवर बसली आणि दार ओढून घेतलं. इंजिन बंद झाल्यावर उतरून घरात आली आणि भाजी निवडायला बसली.

चौथ्या दिवशी खिडकी उघडी होती म्हणून ऐकू आलं.

"बोंबील आनले ते सगले मोठे. तुज्या बहिनीला कापायला टाइम नाय, मीच कापतंय. शेजारनीनं तुजा पाना नेलाय तो दिला नाय अजून. मी मागतलेला. बोलतंय, तो आल्यावर देतंय. अशी हाय ती. जेवलास का?"

मग गप्प. बहुतेक उत्तराला जागा सोडून. मग पुन्हा, "टॉवेल घेत जा कानाला."

त्या दिवशी मी भात लावताना पाण्याचं माप चुकले, एवढंच आठवतंय.

त्यानंतर हे रोज झालं. मी गाडी लावायची, आई गाडीत जाऊन बसायची. रविवारी मी बाहेर पडले नाही तर ती विचारायची, "आज कुटं जायचं नाय का?" मग मी विनाकारण बाजारात एक फेरी मारून यायची. एकदा तिला स्पष्ट विचारलं, तुला खरंच वाटतं का तो तिथे आहे? तिने मला आपण मूर्ख मुलीकडे बघतो तसं बघितलं.

"इंजिन चालू हाय म्हंजे तो खाली हाय," ती म्हणाली. "नायतर कोन चालवतंय?"

सोसायटीचे सेक्रेटरी एकदा दारात आले. रिकाम्या गाडीचं इंजिन चालू राहतं, लहान मुलं खेळतात, धोका आहे, इत्यादी. मी म्हटलं, गाडी रिकामी नसते, माझी आई बसलेली असते. ते म्हणाले, "वहिनी, त्या गाडी चालवतात का?" माझा नवरा आतून म्हणाला, "नाही, त्या फक्त गाडीशी बोलतात." सेक्रेटरींना तो विनोद वाटला. ते हसत हसत गेले. मी नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही. तो वाईट माणूस नाही, त्याला हलकं करून बोलायची सवय आहे.

असं दीड वर्षाहून जास्त चाललं. मग २०१२ च्या सप्टेंबरमध्ये सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला आणि ऑइल कमी व्हायला लागलं.

रोडपालीच्या पुढे ट्रकवाल्यांच्या गराजांची रांग आहे. तिथे फक्त टर्बोचं काम करणारा एक म्हातारा मिस्त्री होता. त्याने एक पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. काळं, ओलं.

"मॅडम, सील गेलं. टर्बोतलं तेल इंजिनात ओढलं जातंय. हा काढून फेका. पाण्यावाला बसवून देतो, एकदम आराम. गाडी थांबवा, चावी काढा, घरी जा. तो डबाबिबा पण नको."

"आणि नाही बदलला तर?"

"तर एक दिवस इंजिन स्वतःचंच तेल प्यायला लागेल. डिझेल इंजिन आहे, त्याला जाळायला काहीही चालतं. मग तुम्ही चावी काढा, डिझेल तोडा, काही ऐकणार नाही. वाढत जाईल, वाढत जाईल, फुटेपर्यंत. असं झालं तर चावीच्या मागे लागू नका. टॉप गिअर टाका, ब्रेकवर उभ्या राहा आणि क्लच एकदम सोडा. मेलं तर तसंच मरेल."

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात आणते.

कारखान्यात एखाद्या टाकीचा व्हॉल्व्ह असा झाला असता तर मी त्या मिनिटाला लाल शेरा मारून लाइन थांबवली असती. ते माझं कामच आहे. इथे मी तीन आठवडे घालवले. कारण पाण्याचा टर्बो बसला की चावी काढल्याबरोबर इंजिन बंद होणार होतं, आणि आईला ते सांगायचं कसं हे मला सुचत नव्हतं. मी तिला खोटं सांगू शकले असते, डबा बिघडला म्हणून. तेही जमलं नाही. दर रविवारी मी ऑइल ओतत होते.

तर तो रविवार. करंजाला गेलो. आईने बंदरावर ओळखीच्या बायकांकडून सुके बोंबील आणि जवळा घेतला, तासभर गप्पा मारल्या. त्या बायका तिच्याशी भावाबद्दल बोलत नाहीत, आणि तीही नाही. मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले. ओहोटी होती. एक बोट खाडीतून येत होती, इतकी हळू की थांबल्यासारखी वाटावी. तिचं इंजिन मात्र ऐकू येत होतं. ती धक्क्याला लागेपर्यंत थांबण्याचा माझा विचार होता. थांबले नाही.

परतताना रस्त्यावर कंटेनरची गर्दी होती. मी तीन-चार वेळा जोरात पुढे काढली. मागच्या आरशात धूर दिसत होता. पाचच्या सुमाराला कंपाउंडमध्ये गाडी लावली. गिअर काढला, हँडब्रेक ओढला, चावी काढली. लाल आकडे सुरू झाले. आई जागेवरच बसून राहिली. मी सुक्या मासळीच्या पिशव्या घेऊन दाराकडे निघाले.

कुलपाला किल्ली लावत असताना मागे आवाज बदलला. आधी थोडा चढला, जसं कोणी पाय ठेवावा. मी वळले. ड्रायव्हरच्या जागेवर कोणी नव्हतं. आवाज आणखी चढला. मागून निळा-पांढरा धूर इतका आला की गाडीचा मागचा भाग दिसेना. मग गाडी किंचाळायला लागली. इंजिनाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

पिशव्या टाकून मी धावले. दार उघडलं. डब्यावरचे आकडे चाळीसवर होते आणि उतरत होते. आई दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होती.

"आई, खाली उतर."

ती हलली नाही.

"उतर म्हणते ना."

आकडे शून्याला आले. डबा बंद झाला. इंजिन बंद झालं नाही. उलट आणखी वाढलं. सबंध गाडी थरथरत होती, बॉनेट वाजत होतं. वरच्या गॅलऱ्यांतून कोणी काहीतरी ओरडत होतं. आईला ओढून काढायला वळसा घालून पलीकडे जावं लागलं असतं. मी आत चढले. क्लच दाबला, गिअर टॉपला घातला, उजवा पाय ब्रेकवर सगळं वजन टाकून ठेवला.

तेव्हा मी बोलले. मोठ्याने, स्पष्ट, त्याच्या घरगुती नावाने हाक मारून. म्हटलं, "बस झालं. बंद कर आता."

आणि क्लच सोडला. जीपने एक दणका दिला, आम्ही दोघी पुढे आदळलो, टायर फूटभर घसरले आणि इंजिन मेलं.

इतकी शांतता झाली की बॉनेटखालचं तापलेलं लोखंड टकटक वाजताना ऐकू येत होतं. धूर हळूहळू भिंतीवरून पलीकडे गेला. वॉचमन पाण्याची बादली घेऊन आला आणि कुठे ओतावी ते न कळून तसाच उभा राहिला. आईच्या कपाळाला काचेचा मार लागला होता, फुगलं होतं. बाकी काही नाही.

"तूपन बोलतंस त्याच्याशी," ती म्हणाली.

मी उतरले, वळसा घालून पलीकडे गेले आणि तिचं दार उघडलं.

घरात आल्यावर मी तिच्या कपाळाला बर्फ लावला. तेवढ्यात बाहेरून आलेला नवरा चहा करायला गेला आणि पहिल्यांदाच एकही विनोद केला नाही. आईने चहा घेतला, पिशवीतला जवळा ताटात ओतला आणि त्यातला कचरा निवडायला बसली. बराच वेळ निवडत होती. मग मान वर न करता म्हणाली,

"खाली कोन नव्हतं."

मी म्हटलं, "काय?"

"गाडीत. तो असता तर इंजिन असं सुटू दिलं असतं का? त्याच्या हातनं कदी सुटलं नाय. वादलात नाय सुटलं." तिने एक काडी बाजूला टाकली. "कोन नव्हतं खाली. मी उगाच बोलत बसलंय इतके दिवस."

मी तिला सांगू लागले की सील गेलं होतं, तेल ओढलं गेलं. तिने हात वर करून मला थांबवलं. तिला ते नको होतं. रात्री तिने नीट जेवण केलं, औषध घेतलं आणि झोपायला गेली. मला वाटलं होतं ती रडेल. तिने रडावं असं मला वाटत होतं, हे जास्त खरं. मी मात्र पडल्या पडल्या छताकडे बघत होते आणि कानात ते इंजिन चढत होतं, आणि दर वेळी ड्रायव्हरची जागा रिकामी होती.

सोमवारी सकाळी सात वाजता मी टोइंगवाल्याला बोलावलं आणि त्याच्या केबिनमध्ये बसून रोडपालीच्या पुढे गेले. येतेस का विचारलं तर आई म्हणाली, "मी नाय येत आता गाडीजवल."

मिस्त्रीने टर्बो उतरवला. सिलिंडर वाचले होते, वेळेवर इंजिन मारलं म्हणाला. मग त्याने टर्बोखालची लोखंडी प्लेट हातात घेऊन उलटीपालटी केली, परत जागेवर धरली, एका दोऱ्याला नट बांधून शेजारी लोंबकळत सोडला आणि डोळा मिटून बघितलं.

"हे कोणी बसवलं?"

"भावाने."

"बोटीवाले आहेत का?"

मी हो म्हटलं. त्याने मला खाली बसवून दाखवलं. टर्बोतलं तेल खालच्या भोकातून आपल्या वजनानेच इंजिनात परत जातं, त्याला पंप नसतो. ते भोक सरळ जमिनीकडे बघायला हवं. बोटीत इंजिन मागे कललेलं बसवतात, बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा मागे पाण्यात उतरतो म्हणून. ही प्लेट त्या कलाच्या मापाने कापलेली होती. माझ्या जीपमध्ये इंजिन सपाट. त्यामुळे भोक तिरकं राहिलं होतं, तेल तिथे साचून उभं राहत होतं. साचलेलं तेल भाजतं आणि सीलमधून वाट काढतं.

"पहिला टर्बोही याच प्लेटवर होता. मग तो," मी म्हटलं, "मी गाडी लगेच बंद करायची म्हणून गेला नव्हता?"

"थोडा तुमच्यामुळे, थोडा प्लेटमुळे. कोणाचं किती ते आता कोण सांगणार?"

मला हे एकाच माणसाला सांगायचं होतं. तेल की पाणी म्हणून आम्ही शेडमध्ये तासभर भांडलो होतो आणि दोष तिसरीकडेच होता. त्याने काय तोंड केलं असतं ते मला दिसत होतं. आधी मानलं नसतं. मग दोऱ्याला नट बांधून स्वतः बघितलं असतं.

"आता बोला," मिस्त्री म्हणाला. "प्लेट सरळ करून देतो. नवीन सील टाकलं तर हाच तेलावरचा चालेल, दोन मिनिटं चालू ठेवायचं पथ्य पाळलं तर. नाहीतर पाण्यावाला बसवतो. माझं ऐका, पाण्यावाला घ्या."

मी म्हटलं, "तेलावरचाच ठेवा."

"आणि डबा?"

"तो काढा. कायमचा."

"मग दोन मिनिटं गाडीत कोण बसणार?"

"मी बसेन."

त्याने खांदे उडवले आणि पाना उचलला. मी कारखान्यात फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली. मग पदर खोचला, गाडीशेजारी उकिडवी बसले आणि तो प्लेट सरळ करत होता तोवर त्याला आत उजेड दिसावा म्हणून बॅटरी धरून राहिले.